स्वराज्य म्हणजे पूर्ण स्वराज्य : मौलाना हसरत मोहानी

ऑगस्ट लागला की मोमिनपुऱ्यापासून ताजबागपर्यंत आपल्या शाळांमध्ये तकरीरींची तयारी सुरू होते. मुले मौलाना आझादांचे नाव घेतात, अशफाकउल्ला खानांचे घेतात, टिपू सुलतानांचे घेतात. मौलाना हसरत मोहानींवर बोलायला उभा राहणारा विद्यार्थी मात्र क्वचितच भेटतो. घरातल्या मोठ्यांना विचारावे तर त्यांना ‘निकाह’ चित्रपटातली गुलाम अलींनी गायलेली गझल आठवते. गझल मौलानांचीच आहे, यात शंका नाही. पण हिंदुस्थानला अर्धेमुर्धे नको, पूर्ण स्वातंत्र्य हवे, असा ठराव काँग्रेसच्या भर अधिवेशनात आणणारा हाच शायर होता, हे घरोघरी सांगायचे राहून गेले आहे.

आधी तारखेचे पाहू. मुले आम्हाला नेहमी विचारतात की पंधरा ऑगस्टच का? खरे सांगायचे तर ही तारीख आपण निवडलेली नाही. इंग्रज सरकारने जून १९४८ पर्यंत सत्ता सोडायचे जाहीर केले होते. माउंटबॅटन यांनी ती मुदत अलीकडे आणली आणि जपानच्या शरणागतीचा दिवस म्हणून १५ ऑगस्ट धरला. आपल्या लोकांनी स्वतः ठरवलेला स्वातंत्र्य दिन वेगळाच होता, २६ जानेवारी. १९३० पासून १९४७ पर्यंत देशात दरवर्षी याच दिवशी झेंडा लावून स्वातंत्र्याची शपथ घेतली जायची. आज आपण ज्याला प्रजासत्ताक दिन म्हणतो, तो आपल्या पणजोबांचा स्वातंत्र्य दिन होता. त्या शपथेच्या पोटात एकच शब्द होता, पूर्ण. हा शब्द तिथवर पोहोचायला किती वर्षे लागली, ते मौलानांच्या आयुष्यातून जितके स्पष्ट दिसते तितके पाठ्यपुस्तकातून दिसत नाही.

त्यांचे खरे नाव सय्यद फजलुल हसन. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातील मोहान हा त्यांचा कसबा, म्हणून मोहानी. हसरत हे तखल्लुस. १९०३ मध्ये अलीगढच्या कॉलेजातून बी.ए. झाले. त्या काळात अलीगढचा बी.ए. म्हणजे सरकारी नोकरी दारात चालून यायची. यांनी नोकरीऐवजी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. त्यात गझलही असे आणि राजकारणही असे. राजकारणात त्यांनी गुरू मानला तो लोकमान्य टिळकांना. आपल्या मराठी वाचकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल आणि मवाळ वेगळे झाले, तेव्हा अलीगढहून आलेला हा तरुण टिळकांच्या बाजूने काँग्रेसबाहेर पडला. सर सय्यदांच्या कॉलेजातून निघालेल्या मुसलमान तरुणाने पुण्याच्या टिळकांच्या मागे जाणे, हे तेव्हा दोन्हीकडच्या लोकांना पचणारे नव्हते.

पुढच्याच वर्षी जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली आणि त्याच महिन्यात हसरतनाही. मासिकात मिसरमधल्या इंग्रजांच्या शिक्षण धोरणावर टीका करणारा लेख छापून आला होता. लेख कुणी लिहिला ते सांगा, असा आग्रह सरकारने धरला. त्यांनी लेखकाचे नाव सांगितले नाही, सगळी जबाबदारी संपादक म्हणून स्वतःवर घेतली. सक्तमजुरीची शिक्षा झाली. दंड वसूल करायला घरातला पुस्तकांचा संग्रह कवडीमोलाने विकला गेला. अभ्यासू माणसाला ही शिक्षा कैदेपेक्षाही जड वाटली असेल, असे आम्हाला वाटते.

अलाहाबादच्या तुरुंगात त्यांच्या वाट्याला चक्की आली. दिवसभर धान्य दळायचे आणि डोक्यात शेर जुळवत राहायचे. कागद-कलम जवळ नसे. त्या वर्षीचा रमजानही तुरुंगातच गेला. सहरीचा बंदोबस्त नाही, इफ्तारचा नाही, तरी रोजे आणि चक्की दोन्ही चालू. घरी मुलगी आजारी होती. बेगम निशातुन्निसा यांनी तशात पतीला जे पत्र लिहिले, त्यात रडगाणे नव्हते, घरची काळजी करू नका, डगमगू नका, असाच त्याचा सूर होता. या बाईंवर खरे तर वेगळा लेख लिहायला हवा. पती तुरुंगात असताना मासिकाचे आणि दुकानाचे काम त्यांनी पाहिले, पडदा बाजूला ठेवून सभांमध्ये गेल्या, आणि १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलेल्या स्त्रियांच्या शिष्टमंडळातही त्या होत्या.

दुकान म्हणजे स्वदेशी कापडाचे दुकान. सुटून आल्यावर मौलानांनी ते अलीगढला थाटले, पुढे कानपूरलाही स्टोअर चालवले. स्वदेशीबाबत ते किती हट्टी होते, याचा एक किस्सा उर्दूत प्रसिद्ध आहे. हिवाळ्याची रात्र, यजमानांनी अंगावर घ्यायला ब्लँकेट ठेवले, ते निघाले विलायती. पाहुणा रात्रभर कुडकुडत पडून राहिला, पण त्याने ब्लँकेटला हात लावला नाही.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. अध्यक्ष होते विजयराघवाचारियार. देशभरातून चौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी आले होते. लोकमान्य त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले होते आणि खिलाफत व असहकाराचे वारे जोरात होते. याच अधिवेशनात काँग्रेसचे ध्येय बदलले. तोवर ध्येय होते साम्राज्याच्या आत राहून स्वशासन. नागपुरात साम्राज्याचा उल्लेख गळला आणि शांततेच्या व योग्य मार्गांनी स्वराज्य मिळवणे असे शब्द आले. मात्र स्वराज्य म्हणजे नेमके काय, हे मुद्दामच मोकळे ठेवले गेले. गांधीजींचे म्हणणे होते की शक्य असेल तर साम्राज्यात, गरज पडली तर साम्राज्याबाहेर. म्हणजे शब्द आपल्या शहरात ठरला, पण त्याचा अर्थ ठरला नाही.

बरोबर एक वर्षाने, डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादच्या अधिवेशनात मौलाना हसरत मोहानी उभे राहिले आणि त्यांनी तो अर्थ मागितला. स्वराज्य म्हणजे कोणत्याही परकीय नियंत्रणापासून मुक्त, पूर्ण स्वातंत्र्य, असे ध्येयातच लिहा, अशी त्यांची मागणी होती. अध्यक्षपदी हकीम अजमल खान होते, कारण नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते. मंडपात उत्साह होता. पण गांधीजींनी ठरावाला कडाडून विरोध केला. त्यांना ही मागणी बेजबाबदार वाटली. आधी आपली ताकद आणि हिंदू-मुस्लिम एकी पक्की करू, खोली माहीत नसलेल्या पाण्यात उडी नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. ठराव पडला.

गांधीजींचे म्हणणे चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. लाखो लोकांना सोबत घेऊन चालणाऱ्या नेत्याला पावलाचा अंदाज घ्यावा लागतो. पण वर्गात शिकवताना आम्हाला एक गोष्ट जाणवते. ध्येय काय ते स्पष्ट सांगा, असे म्हणणारा एक तरी माणूस लागतो. तो हरला तरी त्याचा प्रश्न मिनिटबुकात राहतो. त्याच दिवसांत अहमदाबादलाच मुस्लिम लीगचेही अधिवेशन होते आणि त्याचे अध्यक्ष स्वतः मौलाना होते. तिथेही त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याची आणि प्रजासत्ताकाची भाषा केली. लीगमधल्या बड्या मंडळींनाही ती रुचली नाही. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा त्यांनी याच काळात दिली असे मानले जाते. पुढे १९२९ मध्ये भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत ती दिली आणि ती घराघरात पोहोचली.

अहमदाबादच्या भाषणांची किंमत मोजावी लागलीच. १९२२ मध्ये अटक, तिथेच खटला. बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप मुंबई हायकोर्टात टिकला नाही, राजद्रोहाचा टिकला. मौलाना पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेले. ज्यांनी त्यांचा ठराव पाडला ते गांधीजीही त्याच तुरुंगात होते. इकडे नागपुरात १९२३ च्या मे ते ऑगस्टमध्ये झेंडा सत्याग्रह पेटला. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती. जमनालाल बजाज आणि मग वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तुकड्यांवर तुकड्या निघाल्या आणि अटक करून घेत राहिल्या. १८ ऑगस्टला झेंडा घेऊन मिरवणूक त्या रस्त्याने गेली. आज आपली मुले प्रभातफेरीत ज्या शहरात झेंडा घेऊन फिरतात, तिथे रस्त्यावरून झेंडा नेण्यासाठी साडेतीन महिने माणसे तुरुंगात जात होती.

सुटल्यावर मौलाना कुठल्या एका पक्षात मावले नाहीत. डिसेंबर १९२५ मध्ये कानपूरला पहिली कम्युनिस्ट परिषद झाली, तिचे स्वागताध्यक्ष तेच होते. पाच वेळचा नमाजी, हज अनेकदा केलेला, फिरंगी महलच्या बुजुर्गांचा मुरीद, आणि तरी स्वतःला कम्युनिस्ट म्हणवणारा. १९२८ च्या नेहरू अहवालाने साम्राज्याअंतर्गत वसाहतीचा दर्जा मागितला, तेव्हा मौलाना पुन्हा विरोधात. आता मात्र ते एकटे नव्हते. जवाहरलाल आणि सुभाषबाबूही हेच म्हणू लागले होते. १९२७ मध्ये मद्रासला पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झालाच होता, फक्त काँग्रेसचे ध्येयकलम बदलले नव्हते. ते बदलले डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी झेंडा फडकला आणि २६ जानेवारी १९३० हा पहिला स्वातंत्र्य दिन ठरला. अहमदाबादेत पडलेला शब्द आठ वर्षांनी सगळ्या देशाची शपथ झाला. हा ठराव मांडण्यात या वेळी गांधीजीच पुढे होते.

मग आले १९४७. इथे काही लिहिणारे घाईने पुढे जातात, आम्हाला तसे करायचे नाही. मौलाना १९४६ मध्ये लीगच्या तिकिटावर निवडून आले होते, हे खरे आहे. पण जून १९४७ मध्ये दिल्लीत लीगच्या कौन्सिलपुढे फाळणीची योजना आली, तेव्हा त्या सभेत विरोधात बोलणाऱ्या थोड्या लोकांत ते होते. योजना मंजूर झाली. १५ ऑगस्टला शुक्रवार होता, रमजानमधला अखेरचा जुमा. अलविदाची नमाज पढून मशिदींमधून बाहेर पडणाऱ्या लोकांना त्या दिवशी आनंद किती आणि धास्ती किती, हे आपल्या घरांमधल्या जुन्या माणसांनी सांगितलेले आहे. पुष्कळ नेते सामान बांधून कराचीला गेले. मौलाना गेले नाहीत. कानपूर हेच त्यांचे घर राहिले.

संविधान सभेत त्यांनी जे केले, ते वाचताना आम्हाला आजही आश्चर्य वाटते. फाळणीनंतरच्या त्या वातावरणात मुसलमान सदस्याने गप्प बसणे सोपे होते. मौलाना जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रश्नावर उठत. मे १९४९ मध्ये भारताने राष्ट्रकुलात राहायचे ठरवले, त्याला त्यांनी विरोध केला. इंग्रजांच्या बादशहाशी कसलेही नाते उरले तर स्वातंत्र्य पूर्ण कसे, हाच त्यांचा १९२१ चा प्रश्न होता. ऑक्टोबरमध्ये उद्देशिकेची चर्चा सुरू झाली, तेव्हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असे रूप असावे अशी दुरुस्ती आणली. ती पडली. बाबासाहेब आंबेडकरांच्या मसुद्यावर ते वारंवार आक्षेप घेत आणि ते आक्षेप नोंदले जात. मुसलमानांसाठी राखीव जागांचा विषय आला तेव्हा तर त्यांनी सगळ्यांनाच चकित केले. मुसलमानांना अल्पसंख्याक म्हणायलाच ते तयार नव्हते. राजकारण धर्मावर न होता कार्यक्रमावर व्हावे, मग मुसलमान कुठल्याही पक्षात बरोबरीने असेल, कुणाची मेहेरबानी लागणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ती आज कितपत लागू पडते, यावर आमच्या स्टाफरूममध्येही एकमत नाही. पण ती मांडणी करणाऱ्याला या देशातल्या आपल्या जागेबद्दल शंका नव्हती, एवढे नक्की.

राहणीमान तेच जुने. रेल्वेत तिसऱ्या वर्गाचा डबा, दिल्लीत मुक्काम मशिदीत, हातात एखादे जुने बोचके. आणि हो, जन्माष्टमीला मथुरेला जाण्याची त्यांची ओढही तशीच. कृष्णावर त्यांनी उर्दूत आणि अवधी वळणाच्या भाषेत कविता लिहिल्या आहेत. हजला जाणारा माणूस मथुरेलाही जातो, याचा त्यांना स्वतःला कधी खुलासा करावासा वाटला नाही. आज हे सांगितले की दोन्ही बाजूचे लोक भुवया उंचावतात, म्हणून कदाचित हा भाग तकरीरींमधून वगळला जातो.

निशातुन्निसा बेगम १९३७ मध्येच गेल्या होत्या. मौलानांचा इंतकाल १३ मे १९५१ रोजी लखनौला झाला आणि फिरंगी महलच्या उलेमांच्या कब्रस्तानात त्यांचा दफनविधी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. ज्या मतदारयाद्यांवर प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव पहिल्यांदाच चढले होते, त्या याद्यांचे काम तेव्हा चालू होते.