कै. वि. स. पागे आणि कामाचा हक्क

लोकप्रतिनिधीची योग्यता कोणत्या मापानें मोजावी, हा प्रश्न दर निवडणुकीस निघतो आणि मतपेट्या बंद होतांच विरून जातो. कोणी आपल्या गांवास सडक आली कीं नाहीं एवढेंच पाहतो. कोणी मंत्रिपदाकडे पाहतो. कोणी नुसत्या वक्तृत्वावर लुब्ध होतो. आमच्या मतें कायदेमंडळाच्या सभासदाची कसोटी त्या मंडळाच्या नांवांतच आहे. त्याच्या हातून कोणता कायदा झाला, व त्या कायद्यानें सर्वांत दुबळ्या मनुष्याच्या पदरांत काय पडलें, हेंच खरें माप होय. या मापानें पाहूं गेल्यास कै. विठ्ठल सखाराम पागे यांच्या तोडीचीं माणसें महाराष्ट्राच्या विधिमंडळांत फार थोडीं निघतील. पागे हे सांगली जिल्ह्याचे, बीडचे नव्हत. परंतु ज्या कार्यानें त्यांचें नांव राहिलें, त्याची निकड माजलगांव तालुक्यांतील दिंद्रुडासारख्या कोरडवाहू गांवांस जितकी आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास असेल. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पागे यांचा जन्म १९१० सालीं झाला. ते शिक्षणानें वकील, वृत्तीनें वारकरी संतांचे अभ्यासक आणि तरुणपणापासून स्वातंत्र्याच्या चळवळींत उतरलेले. कायद्याचें शिक्षण व संतवाङ्मयाचा व्यासंग यांचा मेळ आपल्या लोकांस कदाचित् विचित्र वाटेल; परंतु पागे यांच्या ठिकाणीं या दोहोंचा विरोध नव्हता. सर्व भूतांच्या ठायीं समभाव ठेवावा असें कीर्तनांत सांगणें सोपें आहे. तो भाव कलमांत व पोटकलमांत उतरविणें हें वकिलाचें काम, आणि तेंच त्यांनीं केलें.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें व त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत पागे विधानपरिषदेचे सभापति झाले. एप्रिल १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षें, ते त्या आसनावर होते. सभापतीनें पक्षाच्या ओढाताणींत पडूं नये, असा दंडक आहे. त्याच्या हातीं खातें नसतें, तिजोरी नसते, बदल्यांचे व नेमणुकांचे अधिकार नसतात. अशा मनुष्यानें राज्यांतील सर्वांत मोठ्या लोकोपयोगी योजनेचा पाया घालावा, ही गोष्ट आज अधिकारपदासाठीं धडपडणाऱ्यांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. सत्तेवांचून कांहीं करतां येत नाहीं, या सबबीचें खंडन पागे यांच्या एका उदाहरणानें होतें.

योजनेचा उगम अगदीं साधा होता. शेतांत काम नसलेल्या महिन्यांत मजुराच्या घरीं चूल पेटत नाहीं, आणि त्याच वेळीं गांवाभोंवतीं बांध, तळीं व रस्ते यांचें काम पडून असतें. हातांस काम नाहीं व कामास हात नाहींत, या दोन उणिवा एकत्र आणल्या तर दोन्ही नाहींशा होतील, असा पागे यांचा हिशेब होता. ही कल्पना त्यांनीं तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढें मांडली, आणि १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत विसापूरच्या आसपास तिचा प्रयोग सुरू झाला. आधीं लहान क्षेत्रांत अनुभव घ्यावा व मग कायदा करावा, हा त्यांचा क्रम होता. हल्लीं घोषणा आधीं होते व अनुभव मागाहून येतो, तो क्रम त्यांस मान्य नव्हता.

पुढें १९७२ सालीं राज्यभर योजना सुरू करण्याचें ठरलें, तोंच महाराष्ट्रावर अवर्षणाचा घाला पडला. बीड, उस्मानाबाद व औरंगाबाद हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर माणसांची रीघ लागली, सुकडीच्या वाटपावर मुलें जगलीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. तेवढ्या काळापुरती रोजगार हमी बाजूस ठेवावी लागली व १९७४ सालीं ती पुन्हां चालू झाली. इंग्रजी अमदानींत दुष्काळसंहिता होती. पण आधीं सरकारनें दुष्काळ जाहीर करावा, मग कामें निघावींत, असा तिचा न्याय होता. मजुराची भूक सरकारच्या जाहीरनाम्याची वाट पाहत असे. पागे यांनीं हा न्याय उलटा केला. मागणी मजुरानें करावी आणि धांवपळ सरकारनें करावी, हें त्यांच्या योजनेचें मर्म होय.

विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं एकमतानें मंजूर केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. त्या वेळच्या मंत्रिमंडळांत आमच्या बीड जिल्ह्यांतील सुंदरराव सोळंके हे उपमुख्यमंत्री होते. कायद्याचीं मुख्य कलमें दोन वाक्यांत सांगतां येतील. ग्रामीण भागांतील ज्या प्रौढ स्त्रीपुरुषास अंगमेहनतीचें काम पाहिजे असेल, त्यानें मागणी केल्यापासून पंधरा दिवसांचे आंत त्यास काम द्यावें. न दिल्यास रोजीं निदान एक रुपया बेकारीभत्ता द्यावा. एक रुपया ही रक्कम क्षुल्लक होती, हें खरें. परंतु वकिलाच्या दृष्टीनें तिचें मोल मोठें आहे. जेथें चुकीबद्दल भरपाई आहे तेथेंच हक्क आहे. जेथें भरपाई नाहीं तेथें केवळ कृपा आहे. शिवाय स्त्रीच्या व पुरुषाच्या मजुरीचा दर एकच ठेविला होता, आणि वर्षाच्या दिवसांची मर्यादा घातलेली नव्हती. १९०० च्या आसपासच्या दुष्काळांत आमच्या आजोबांच्या पिढीनें जें पाहिलें, त्याच्याशीं ताडून पाहिलें म्हणजे या कलमांची थोरवी कळते.

आतां आमच्या व्यापारी वाचकांचा या चरित्राशीं संबंध काय, तो सांगतों. या योजनेचा पैसा आकाशांतून पडला नाहीं. १९७५ पासून नोकरदार, वकील, वैद्य, आडते व दुकानदार यांजवर व्यवसायकर बसविण्यांत आला, विक्रीकर वगैरेंवर अधिभार घेण्यांत आला, आणि जमेइतकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. शहरानें खेड्याचा भार उचलावा, हें तत्त्व देशांत इतक्या उघडपणें क्वचितच कायद्यांत आलें असेल. कित्येकांस हा कर जाचक वाटला. फुकट पैसे मिळून लोक आळशी होतील, असाही आक्षेप निघाला. पण उन्हांत दिवसभर टोपली वाहिल्यावांचून ज्यांत एक पैसाही मिळत नाहीं, अशी योजना आळशास कशी रुचेल? ज्याला दुसरा मार्ग आहे तो तेथें येतच नाहीं. आणि मजुरास मिळालेला रुपया संध्याकाळीं कोठें जातो? तो गांवच्याच किराण्याच्या दुकानीं ज्वारी, तेल व मीठ घेण्यास जातो. उन्हाळ्यांत गिऱ्हाईक टिकलें तरच पेढी टिकते, हें आमच्या व्यापाऱ्यांस आम्हीं शिकवावयास नको.

चरित्र लिहितांना दोष झांकणें हें आमच्या धंद्यास शोभत नाहीं. योजना चांगली होती, पण अंमल सर्वत्र चांगला झाला नाहीं. हजेरीपटावर खोटीं नांवें चढलीं, मजुरी आठवडेच्या आठवडे थकली, गुत्तेदारांचा शिरकाव झाला, आणि बेकारीभत्ता बहुधा कागदावरच राहिला. बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळी होतांच कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, तें याच उणिवेमुळें होय. मुकादम उचल रोख देतो. सरकारी मजुरी कष्ट झाल्यावर, तीही उशिरां मिळते. ज्याच्या घरीं आज दाणा नाहीं, तो कोणता मार्ग पत्करील हें सांगण्यास ज्योतिषी नको. तथापि मजुरांची कामें रखडलीं म्हणून हक्क खोटा ठरत नाहीं. न्यायाधीश लांच खातो म्हणून कोणी न्यायालय मोडा म्हणत नाहीं.

पागे १९९० सालीं निवर्तले. त्याच वर्षीं रोजगार हमीस फळबाग लागवडीची जोड देण्यांत आली, आणि लहान शेतकऱ्यास आपल्याच बांधावर झाडें लावून मजुरी मिळूं लागली. पंधरा वर्षांनीं, २००५ सालीं, संसदेनें सबंध देशासाठीं कुटुंबामागें १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. त्यामागें महाराष्ट्राचा अनुभव उभा होता. एका तालुक्यांत लावलेलें रोप चाळीस वर्षांत देशाएवढें झालें, ही कोणत्याही लोकप्रतिनिधीस पुरेशी कीर्ति आहे.

यापुढें आमच्या वाचकांनीं एवढें करावें. मत मागावयास येणाऱ्यास मंडप किती बांधले हें विचारूं नये. गेल्या उन्हाळ्यांत कामाची मागणी किती आली, पंधरा दिवसांत काम किती जणांस मिळालें, मजुरी कितव्या दिवशीं हातांत पडली, आणि सभागृहांत यांविषयीं आपण कोणता प्रश्न विचारला, हें विचारावें. व्यवसायकराची पावती ज्याच्या पेटींत आहे, त्यास हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि कामाच्या मागणीचा अर्ज ज्याच्या हातांत आहे, त्यास तो मिळण्याचा अधिकार आहे. हे दोघे एकमेकांचे वैरी नसून एकाच कायद्याचे दोन पक्षकार आहेत, हें ज्या दिवशीं दुकानदारास व मजुरास उमगेल, त्या दिवशीं पागे यांनीं आरंभिलेलें काम पुरें होईल. स्मारकें उभारण्यास पैसा लागतो. हा हिशेब मागण्यास केवळ धैर्य लागतें.