तारखात्यातला आकाशवेडा

लष्कराच्या संदेशखात्यातला अधिकारी म्हटला की डोळ्यांपुढे तारा, खांब आणि टेलिफोनची अवजड पेटी येते. अमेरिकेच्या जॉर्ज ओवेन स्क्वायरचे आयुष्यही याच पसाऱ्यात गेले. चित्त मात्र सदा आकाशात.

1865 साली मिशिगनमधल्या ड्रायडन या खेड्यात तो जन्मला. 1887 मध्ये वेस्ट पॉइंटहून अधिकारी होऊन बाहेर पडला आणि नोकरी सांभाळून 1893 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तेव्हाच्या फौजेत असा डॉक्टर म्हणजे नवलच! शत्रूवर नजर ठेवणारे बलून त्या काळी संदेशखात्याकडे असत. त्यामुळे उडण्याचा प्रश्न त्याच्या टेबलावर आपसूकच आला.

पण खात्याचे तोंड पोळलेले होते. लँगली या नामवंत शास्त्रज्ञाला युद्धखात्याने 50,000 डॉलर दिले आणि डिसेंबर 1903 मध्ये त्याचे यंत्र नदीत कोसळले. पुढे राइट बंधूंनी आपले विमान देऊ केले, तेव्हा साहेब लोकांनी ते झटकून टाकले. 1907 मध्ये वॉशिंग्टनच्या कचेरीत आलेल्या स्क्वायरने मात्र वरिष्ठांचे मन वळवले. त्याच वर्षी खात्यात हवाई विभाग निघाला आणि 23 डिसेंबरला विमानासाठी चक्क निविदा मागवल्या गेल्या.

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे निविदा म्हटले की माझे कान टवकारतात. दोन माणसे, ताशी 40 मैल वेग, तासभर न उतरता उड्डाण आणि वर दहा टक्के अनामत! असले यंत्र जगात आहे कुठे, म्हणून वर्तमानपत्रांनी टर उडवली. तरी 41 निविदा आल्या. एकाने तर 1,000 डॉलरांतच विमान देऊ केले. असली स्वस्ताई पाहिली की आमच्याकडे पोटात गोळा यायचा. तो गृहस्थ पुढे मागे सरला, दुसऱ्या एकाने विमान दिलेच नाही, आणि उरले 25,000 मागणारे राइट बंधू.

12 सप्टेंबर 1908 रोजी फोर्ट मायरच्या मैदानावर 43 वर्षांचा मेजर स्क्वायर ऑर्व्हिल राइटच्या शेजारी बसला. ना छप्पर, ना आडोसा. 9 मिनिटे 6 सेकंद तो हवेत होता. पाचच दिवसांनी, 17 तारखेला, लेफ्टनंट सेल्फ्रिज त्याच जागेवर बसला. पंखा तुटला, विमान कोसळले. सेल्फ्रिज गेला, ऑर्व्हिल जबर जखमी झाला. इंजिनाच्या विमान अपघातातला हा पहिला मृत्यू. एखाद्याने फाइल बांधून कपाटात टाकली असती. खात्याने राइट बंधूंना मुदत वाढवून दिली आणि 1909 मध्ये विमान घेतले, वेगाच्या बक्षिसासह 30,000 डॉलरांना.

याच सुमारास स्क्वायरने एका तारेतून अनेक संभाषणे पाठवण्याची युक्ती काढली आणि तिचे हक्क जनतेला देऊन टाकले. पुढे टेलिफोन कंपनीवर त्याने दावा लावला खरा, पण एकदा दिलेले दान परत मागता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मला त्याच्याबद्दल वाईट वाटते, पण न्यायालयाचेही चुकले नाही.

महायुद्धात तो संदेशखात्याचा प्रमुख होता. जुलै 1917 मध्ये विमानांसाठी 64 कोटी डॉलर मंजूर झाले. विमानांनी आकाश झाकून टाकू, अशी भाषा सुरू झाली. पण पैसा मिळाला म्हणून कारागीर, लाकूड, इंजिने आणि अनुभव एका रात्रीत थोडेच मिळतात? विमाने वेळेवर आघाडीवर पोचली नाहीत, चौकशा झाल्या आणि मे 1918 मध्ये हवाई दल त्याच्या खात्यातून काढून घेतले गेले. जे रोप त्याने लावले, त्याचा वृक्ष दुसऱ्याच्या अंगणात गेला. स्वप्न पाहणे आणि कारखाना चालवणे ही कामे निरनिराळी, आणि दुसरे त्याला जमले नाही, असे माझे मत आहे.

1923 अखेर तो निवृत्त झाला. मग तारांतून घरोघरी संगीत पोचवण्याच्या नादी लागला. हॉटेलांत आणि दुकानांत हळू आवाजात वाजत राहणारे ते ‘म्यूझॅक’ त्याचेच! लग्न त्याने केले नाही. ड्रायडनला जमीन घेऊन तिथे बाग केली आणि गावकऱ्यांना फुकट खुली केली. 24 मार्च 1934 रोजी न्यूमोनियाने तो गेला.

व्हर्जिनियात हवाई दलाच्या तळासाठी त्याने निवडलेल्या जागेवर आजही विमाने उतरतात. त्या तळाला नाव मात्र लँगलीचे आहे.