सँडोची टेप

दोरीवर वाळणाऱ्या बनियनला आपण बिनधास्त ‘सँडो’ म्हणतो. पण या नावाचा एक माणूस खरंच होऊन गेलाय! आणि दंडाला टेप लावून किती इंच वाढला ते बघायची आपली जी सवय आहे ना, ती जगभर पसरवण्यात त्याचा मोठा हात होता.

युजेन सँडोचं खरं नाव फ्रीड्रिख विल्हेल्म म्युलर. १८६७ मध्ये प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा जन्म. लहानपणी इटलीत प्राचीन पुतळे पाहिले आणि तसं शरीर कमवायचं ठरवलं, असं तो सांगायचा. १८८९ मध्ये लंडनला सॅमसन नावाच्या नामांकित पहिलवानाला त्याने भर स्टेजवर हरवलं आणि रातोरात स्टार झाला. १८९३ मध्ये शिकागोत त्याचे शो सुरू झाले. तो किती वजन उचलतो यापेक्षा त्याचे स्नायू बघायलाच लोक गर्दी करत.

सँडोने हे बरोबर हेरलं. लंडनमध्ये व्यायामशाळा काढली, मासिक सुरू केलं, पोस्टाने कोर्स विकले. शिष्यांसाठी तक्ता असायचा: मान, छाती, दंड, कंबर, मांडी, पोटरी. व्यायाम सुरू करताना मापं लिहायची, काही महिन्यांनी पुन्हा घ्यायची. आजच्या फिटनेस अ‍ॅपचा हा कागदी आजोबाच! १९०४-०५ मध्ये सँडो भारतातही येऊन गेला.

पण त्याची खरी गंमत पुढे आहे. १४ सप्टेंबर १९०१ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठव स्पर्धा घेतली. परीक्षक होते शिल्पकार चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल आणि स्वतः सँडो. मोठा दंड म्हणजे पहिला नंबर, असं तिथे नव्हतं. शरीराचा समतोल, स्नायूंचा कणखरपणा, एकूण तब्येत, अगदी त्वचासुद्धा बघितली गेली. जिंकला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे. टेप घराघरांत पोचवणाऱ्या माणसाने निकाल मात्र एकट्या टेपवर सोडला नाही.

१९२५ मध्ये, ५८ व्या वर्षी सँडो गेला. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षं साधं नावही नव्हतं. आज मिस्टर ऑलिम्पियाला मिळते ती ट्रॉफी मात्र त्याच्याच पुतळ्याची.

तेव्हा वजनकाट्याचा आकडा हलला नाही म्हणून लगेच जिम सोडू नका. कंबर किती उतरली, झोप कशी लागते, जिने चढताना दम लागतो का, हेही वहीत लिहा. सँडोच्या तक्त्यातही रकाना एकच नव्हता!