धर्मानंद कोसंबी आणि रोहिणीचे पाणी

गोव्यातील साखवळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांना बुद्धचरित्राची पहिली ओळख ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातून झाली. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. काशी, नेपाळ, गया अशी पायपीट करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले व १९०२ मध्ये तेथे प्रव्रजित झाले. काही वर्षांनी परतून त्यांनी संसार पुन्हा जोडला.

गृहत्यागाचा प्रश्न मात्र त्यांच्या मनातून गेला नसावा, असे आम्हांस वाटते. वृद्ध, रोगी, प्रेत पाहून मध्यरात्री गुपचूप निघालेला राजपुत्र ललितविस्तराने व अट्ठकथांनी रंगविला. तो त्यांनी नाकारला. प्राचीन पाली सुत्तांतील सिद्धार्थ रडणाऱ्या आईबापांच्या देखत निघतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय शस्त्रे उचलतात, हे त्यांना खरे कारण दिसले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांडलेला हा विचार त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नाटकातही आणला. तेरच्या चैत्यगृहाचा वारसा सांगणाऱ्या, पण दुष्काळात घागरीसाठी भांडणाऱ्या आम्हां धाराशिवकरांना हा सिद्धार्थ फार जवळचा.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्यागाने त्यांनी देह ठेवला. नाटक १९४९ साली छापले गेले. १९५७ मध्ये बाबासाहेबांच्या बुद्धचरित्रातही तीच रोहिणी आली.