आजचं मनन : रमाबाईंचं ताट
शास्त्रवाचन : रोमकरांस पत्र १४:१-१२ आणि १५:५-७



रोमच्या मंडळीत वाद कशावरून पेटला होता, ते आजच्या वाचनात लक्षात आलं का? जेवणावरून! काही जण सगळं खायचे, काही फक्त भाजीपाला. काहींना एखादा दिवस विशेष वाटायचा, काहींना सगळे दिवस सारखेच. पौल यात पंच होऊन निकाल देत नाही. तो दोन्ही बाजूंना एवढंच विचारतो, की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारे तुम्ही कोण? त्याचा धनी प्रभू आहे.

हा अध्याय वाचला की मला पंडिता रमाबाई आठवतात. कारण हा अध्याय त्यांच्या ताटातच येऊन पडला होता.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाला दिलं. तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर फिरलं. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नाहीत, तोच पतीही पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा. वय अवघं तेवीस.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यांची काळजी सिस्टर जेराल्डीन घेत. रमाबाई प्रेमाने त्यांना आजीबाई म्हणत.

खरी कसोटी यानंतर सुरू झाली. बाप्तिस्मा झाला तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. अंडं घातलेलं पुडिंगही त्या खात नसत. आजीबाईंना वाटलं, हा जुना जातीचा अभिमान आहे, तो गेल्याशिवाय ही मुलगी पूर्ण ख्रिस्ती व्हायची नाही. मग क्रूसाचा विषय निघाला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन ना मला कळत ना माझ्या लोकांना, मग संस्कृत का नको? पुढे मनोरमाला कुठल्या पद्धतीची धर्मशिकवण द्यायची यावरूनही पत्रापत्री झाली आणि दोघीही दुखावल्या.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाद फक्त खाण्यापिण्याचा नव्हता. त्रैक्यासारख्या मूळ सिद्धांतांवरही रमाबाई त्या काळात प्रश्न विचारत होत्या. त्यामुळे आजीबाईंची काळजी अगदीच निराधार नव्हती. गडबड इथे झाली, की विश्वासाचा गाभा आणि जेवणाचं ताट एकाच यादीत गेलं. सॉफ्टवेअरवाल्यांना हे चटकन कळेल. कोअर वेगळा असतो आणि युजरची सेटिंग्ज वेगळी. कोणी स्क्रीनचा रंग बदलला म्हणून आपण त्याला सिस्टीम बिघडली असं सांगत नाही ना!

रमाबाईंना आणखी एक धक्का बसला होता. भारतात त्यांनी कितीतरी पंथ पाहिले होते. ख्रिस्ती झाल्यावर पाहतात तर इथेही तेच! अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्तिस्त, प्रेस्बिटेरियन, कॅथलिक. प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. त्यांना प्रश्न पडला, की ख्रिस्ताचं व्हायला यातल्या एखाद्या कप्प्यात शिरलंच पाहिजे का? त्या मात्र कुठल्याच कप्प्याच्या झाल्या नाहीत. ख्रिस्ताच्या मात्र हळूहळू पूर्ण झाल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. तिथे आलेल्या हिंदू मुलींना सोवळंओवळं आणि जेवणाचे नियम पाळायची मोकळीक होती. विचार करा, जिच्या ताटाकडे लोक बोट दाखवत होते, तिने दुसऱ्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं नाही.

पुढे मध्य प्रांतातल्या १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या. तेच मुक्ती मिशन. हिंगोलीकडून रेल्वेने पुण्याला येताना दौंड सोडल्यावर केडगाव लागतं, तुमच्यापैकी अनेकांनी ते स्टेशन खिडकीतून पाहिलं असेल. वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या मंडळ्यांतले सेवक तिथे खांद्याला खांदा लावून राबत. मिनी एब्रम्स ही अमेरिकन मेथडिस्ट बाई त्यांतलीच एक.

जून १९०५ मध्ये मुक्तीत संजीवन आलं. मुली रडून पापं कबूल करू लागल्या, मोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या. पुढे काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. बाहेरून टीका सुरू झाली, की हा कसला गोंगाट! रमाबाईंना स्वतःला अन्य भाषांचं दान नव्हतं. संस्कृत ग्रंथांत वाढलेल्या या विदुषीला त्या आवाजाची लाज वाटली असती, तरी कोणी आश्चर्य केलं नसतं. पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. आपल्या लोकांनी आपल्या स्वभावाला साजेल अशा रीतीने देवाजवळ यावं, पाश्चात्त्य शिस्त त्यांच्यावर लादू नये, असं त्यांचं मत होतं. स्वतःला न मिळालेल्या दानाचाही त्यांनी दुसऱ्यात आदर केला. मला वाटतं, रोम १४ चा पेपर त्यांनी इथे सोडवला.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला दिली. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ते हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आणि आजीबाई? मतभेद पुरते मिटले नाहीत, पण नातं तुटलं नाही. पत्रं कितीतरी वर्षं चालू राहिली. ती वादाची पत्रं जपून ठेवली, नीट लावली, ती सिस्टर जेराल्डीन यांनीच. १९७७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, म्हणून तर आज आपल्याला हे सगळं कळतं. जिच्याशी पटत नाही तिची पत्रं कोण इतकी जपतं? जिचं तिच्यावर प्रेम असतं, तीच.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. तिथे खांदा द्यायची वेळ आली की माणूस कुठल्या चर्चचा, हे विचारायला सवड नसते. शहरात आलो की चॉइस मिळतो आणि चॉइसबरोबर नाकं मुरडणंही येतं. तिकडे ड्रम वाजतात, इकडे नुसतं छापील पुस्तक वाचतात. हे पाणी शिंपडतात, ते बुडवतात. हे उपवासकाळ पाळतात, ते पाळत नाहीत. चर्चा जरूर करा, शास्त्र उघडून करा. पण ज्याला ख्रिस्ताने जवळ केलं, त्याला दारात उभं ठेवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आज करून पाहा : वेगळ्या मंडळीतल्या एका विश्वासणाऱ्याला फोन करा. वाद घालायला नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करायला.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आम्हांला जसं आहोत तसं जवळ केलंस. आमच्या भावाबहिणींचा न्याय करण्याची घाई आमच्यातून काढून टाक. सत्याला धरून राहायला आणि माणसांनाही धरून राहायला आम्हांला शिकव. तुझ्याच नावात मागतो. आमेन.