कवी अज्ञातवासी आणि त्यांचा वस्तुसंग्रह

आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात ‘अज्ञातवासी’ हे नाव आढळते ते बहुधा एखाद्या नामावलीत. याउलट पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय देशोदेशीच्या प्रवाशांना परिचित आहे. ही दोन्ही नावे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) या एकाच व्यक्तीकडे नेतात, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांच्याही पुष्कळदा ध्यानात येत नाही. ज्यांच्या ध्यानात येते तेही केळकर कवितेकडून वस्तूंकडे वळले आणि वाङ्मयाला अंतरले, असेच मानतात. केळकरांच्या जीवनक्रमाच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

केळकरांचा व्यवसाय चष्म्यांचा होता. वृत्ती मात्र कवीची होती. त्यांच्या उमेदीच्या काळात पुण्यात मराठी कवितेला नवा बहर आला होता. १९२३ मध्ये रविकिरण मंडळाची स्थापना झाली आणि घरगुती जीवनातील साधे प्रसंग, साध्या भावना काव्यविषय म्हणून प्रतिष्ठा पावू लागल्या. केळकर या मंडळाचे सदस्य नव्हते, परंतु त्याच वातावरणात ते वावरत होते. त्यांचे एक महत्त्वाचे वाङ्मयीन कार्य संपादनाचे आहे. ग्वाल्हेरनिवासी भा. रा. तांबे यांची कविता पुस्तकरूपाने रसिकांपुढे आली ती इतरांच्या परिश्रमामुळे. पहिला संग्रह वा. गो. मायदेव यांनी १९२० मध्ये सिद्ध केला, दुसरा केळकरांनी १९२७ मध्ये, तर समग्र कविता १९३५ मध्ये माधवराव पटवर्धनांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याने निर्माण केलेले सौंदर्य वेचावे, निवडावे, जपावे आणि लोकांपुढे ठेवावे, ही संपादकाची वृत्ती केळकरांच्या ठायी प्रथमपासून होती, असे यावरून दिसते.

येथे कालक्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. केळकरांच्या वस्तुसंग्रहाचा आरंभ १९२० च्या सुमारास झाला. म्हणजे तांब्यांच्या कवितेचे संपादन आणि जुन्या वस्तूंचा शोध ही दोन कामे एकाच काळात चालू होती. आधी कवी आणि मग संग्राहक, असा सरळ विभाग त्यांच्या आयुष्यात पाडता येत नाही. १९६० पर्यंत या संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे पंधरा हजारांवर गेली. एका खाजगी गृहस्थाने, कोणत्याही संस्थानिकाचा खजिना हाताशी नसताना, चार दशकांत केलेला हा संचय आहे. पत्नी कमलाबाई यांची साथ नसती, तर तो शक्य झाला नसता.

या संग्रहाचे वेगळेपण त्यातील वस्तूंच्या निवडीत आहे. पुण्याला इतिहाससंशोधनाची थोर परंपरा होती. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० मध्येच झालेली होती. परंतु त्या परंपरेचा मुख्य भर कागदपत्रे, ताम्रपट, नाणी यांवर, म्हणजे राज्यकर्त्यांच्या व्यवहारावर होता. केळकरांनी शस्त्रेही जमविली आणि कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांची पुनर्रचनाही केली. तथापि त्यांचे मन रमले ते समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, कुलपे, फण्या, करंडे, पाय घासण्याच्या वज्र्या, कळसूत्री बाहुल्या आणि खेळ-खेळणी यांत. व्यवहाराच्या दृष्टीने ही अडगळ होती. घर पाडताना मोडीत जाणारी किंवा जुन्या बाजारात वजनावर विकली जाणारी ही चीजवस्तू होती. सुपारी कातरण्याचा अडकित्ता नुसत्या पात्यांनीही काम देतो. तरी कारागिराने त्याला पक्ष्याचा किंवा घोड्याचा आकार दिला. या अनावश्यक वाटणाऱ्या अलंकरणातच केळकरांना मानवी मनाची खूण दिसली असावी. भारतीय दिव्यांवर त्यांनी स्वतंत्र इंग्रजी पुस्तक लिहिले. ते केंद्र शासनाच्या प्रकाशन विभागाने १९६१ मध्ये प्रसिद्ध केले.

या वस्तू घडविणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्या रोज वापरणाऱ्या, विशेषतः स्वयंपाकघरात आणि माजघरात वावरणाऱ्या स्त्रियांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. जात्यावरच्या ओव्यांची कर्ती जशी अनामिक, तसेच हे कर्ते अनामिक. कवीने स्वतःसाठी निवडलेले टोपणनाव या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. अज्ञातवासात राहिलेल्या निर्मात्यांची निर्मिती उजेडात आणण्याचे कार्य या अज्ञातवासीने केले.

संग्रहालयाच्या नावासंबंधी एक खुलासा येथे आवश्यक आहे. ‘राजा’ हे उपपद पाहून दिनकर केळकर कोणी संस्थानिक असावेत, असा अनेकांचा ग्रह होतो. वस्तुतः राजा हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बालवयातच निवर्तला. प्रथम स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, या मराठी रीतीने लिहिलेले ते त्या मुलाचे पूर्ण नाव आहे. आपल्या आयुष्यभराच्या कार्यावर केळकरांनी स्वतःचे नाव घातले ते केवळ पिता म्हणून. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि १९७५ मध्ये त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपविला. अकाली हरपलेल्या मुलाचे नाव आणि काळाच्या ओघात हरपू पाहणाऱ्या वस्तू यांचा असा संयोग मराठी शोककाव्याच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावा लागेल. मात्र मुलाच्या मृत्यूमुळेच संग्रह सुरू झाला, असे सुलभ समीकरण मांडणे योग्य होणार नाही.

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाशी या संग्रहाचा संबंध अगदी निकटचा आहे. घंगाळ, तस्त, पिकदाणी, लामणदिवा, वज्री हे शब्द जुन्या कादंबऱ्यांत, लावणीत, ओवीत पदोपदी येतात. शब्दकोश त्यांचा अर्थ देतो. परंतु वस्तूचा आकार, तिचे वजन, तिचा घरातील मान यांचा बोध वस्तू पाहिल्यावाचून होत नाही. वस्तू नाहीशी झाली की शब्द काही काळ पोकळ रूपाने उरतो आणि मग तोही जातो. केळकरांचा संग्रह हा त्या दृष्टीने मराठीचा मूर्त शब्दकोशच होय.

या संग्रहाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्याचा मुख्य भर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील हस्तकौशल्याच्या वस्तूंवर आहे. यंत्रयुगातील स्वस्त, छापील आणि वापरून फेकून देण्याच्या वस्तू त्याच्या केंद्रस्थानी नाहीत. पण केळकरांनी संग्रहाला आरंभ केला, त्याच दशकात अंबरनाथला स्वीडिश भांडवलावर विमकोचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला होता. आगपेटीवरील चित्रमय छाप हीदेखील घरोघर पोहोचलेली अनामिक चित्रकला आहे. १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव धारण केलेल्या निर्वासितांच्या वसाहतीत सिंधी कुटुंबांनी सोबत आणलेली भांडी, पेट्या, कागदपत्रे यांचेही मोल असेच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुनी घरे पाडून इमारती उठत असताना अशा वस्तू प्रथम भंगारात जातात. तेथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकडून वस्तू, तिचे घरात रुळलेले नाव आणि तिच्याशी निगडित आठवण यांची एकत्र नोंद करून घेतली, तर तो भाषाभ्यासाचा प्रकल्प ठरेल आणि केळकरांचे कार्य त्यांनी सोडले तेथून पुढे जाईल.

केळकरांच्या कवितेचे मूल्यमापन नव्याने कोणी करील तेव्हा करो. परंतु त्यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार करताना केवळ छापील पृष्ठे मोजून चालणार नाही. त्या कर्तृत्वात बाजीराव रस्त्यावरील त्या दालनांचाही समावेश करावा लागेल.