वालचंदांचे विमान

विमानाच्या प्रतिकृतीचा संच तुम्ही पाहिला आहे का? डब्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना लागलेले सुटे भाग असतात. धड दोन फाकांत, पंख निराळे, इंजिने, चाके आणि शेपटी निराळी. भाग सावकाश कापून घ्यायचे, कडा घासायच्या, कागदावर दाखवलेल्या क्रमाने ते चिकटवायचे आणि शेवटी रंग द्यायचा. क्रम चुकला तर धड बंद होते आणि वैमानिक बाहेरच राहतो!

दुसऱ्या महायुद्धातील लिबरेटर या बाँबफेकी विमानाचाही असा संच मिळतो. खऱ्या लिबरेटरचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे साडेतेहतीस मीटर होते. डब्यावर १:७२ असे प्रमाण लिहिलेले असेल, तर खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीचा १ सेंटिमीटर. मग प्रतिकृतीचे पंख किती लांब होतील? वहीत गणित करून पाहा. उत्तर साडेसेहेचाळीस सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवे.

खरी विमानेही सुट्या भागांतूनच जोडतात. आपल्या देशात विमाने जोडण्याचा कारखाना उभा राहिला तो शेठ वालचंद हिराचंद यांच्या खटपटीमुळे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला एका जैन कुटुंबात झाला. ते लहान असतानाच त्यांची आई वारली. वडील हिराचंद यांची सावकारी पेढी होती आणि कापसाचा व्यापार होता. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून वालचंद पेढीवर आले; पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. फाटकांकडे अनुभव होता, वालचंदांकडे भांडवल आणि हिंमत. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांसारखी अवघड कामेही वालचंदांच्या कंपनीने केली.

प्रवासात भेटलेल्या माणसाशी बोलत बसण्याची वालचंदांना सवय होती. तिचा त्यांना दोनदा फार उपयोग झाला. पहिली गोष्ट रेल्वेच्या प्रवासातील. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' नावाचे जहाज विकायचे आहे, ही बातमी त्यांना एका परिचिताकडून गाडीतच कळली. नरोत्तम मोरारजी आणि इतर सोबत्यांबरोबर त्यांनी ते जहाज घेतले आणि सिंदिया कंपनी काढली. आपल्या वसईत आणि आगाशीला पोर्तुगीजांच्या काळात मोठी जहाजे बांधली जात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी व्यापाराची वाहतूक इंग्रजी कंपन्यांच्या हाती होती. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. इंग्रजी कंपन्यांनी भाडे उतरवून सिंदिया कंपनीला बुडवण्याचा प्रयत्न केला, तरी ती टिकली.

दुसरी गोष्ट विमानातील. १९३९ साली वालचंद मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेला गेले होते. परत येताना पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचा अमेरिकन गृहस्थ भेटला. तो चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालवत असे. चीनसारख्या युद्धात होरपळणाऱ्या देशात विमाने जोडता येतात, तर भारतात का नाही, या विचाराने वालचंदांना पछाडले. त्यांनी लगेच सरकारशी पत्रव्यवहार सुरू केला.

इंग्रज सरकारला ही कल्पना प्रथम पटली नाही. वसाहतीत विमाने तयार व्हावीत, असे त्यांना कशाला वाटेल? पण १९४० च्या जूनमध्ये जर्मनीने फ्रान्स जिंकले आणि सरकार घाबरले. आता पूर्वेकडे विमाने हवी होती आणि ब्रिटनहून ती मिळणे कठीण होते. सरकारने संमती दिली.

कारखान्याला जागा हवी होती. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी ही संधी ओळखली. त्यांनी बंगळूरला जमीन दिली, विजेची सोय केली आणि संस्थानाला कंपनीत भागीदार केले. मला तर वाटते, या कामात वालचंदांइतकेच मिर्झासाहेबांचेही नाव घ्यायला हवे. २३ डिसेंबर १९४० रोजी 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' या कंपनीची नोंदणी झाली. काही महिन्यांतच मोकळ्या माळावर कारखाना दिसू लागला. (कारखाना, जहाज, कारागीर हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही.)

अमेरिकेहून विमानांचे भाग जहाजाने येत. विमाने जोडण्याचे काम इथल्या कारागिरांना नवे होते. पॉलीच्या माणसांकडून ते शिकत गेले. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिले हार्लो विमान आकाशात उडाले. ते वैमानिकांना शिकवण्यासाठी होते. त्यानंतर हॉक जातीची लढाऊ विमाने आणि पुढे बाँबफेकी विमाने जोडायची, असा बेत होता.

पण १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. युद्ध दाराशी आले, तेव्हा हा कारखाना खासगी माणसाच्या हाती ठेवायला सरकार तयार होईना. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि कारखाना ताब्यात घेतला. पहिले हॉक विमान उडाले ते त्याच वर्षी जुलैमध्ये. तोपर्यंत वालचंद तिथले कोणी उरले नव्हते. विशाखापट्टणमला त्यांनी जहाजे बांधण्याचा कारखाना काढला होता. त्या शहरावरही ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बाँब पडले. एकाच महिन्यात असे दोन घाव बसले.

तरी वालचंद हातावर हात ठेवून बसले नाहीत. १९४४ साली त्यांनी मोटारींची कंपनी काढली आणि पुढे कुर्ल्याला तिचा कारखाना सुरू झाला. त्याच कारखान्याच्या 'पद्मिनी' मोटारी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावत होत्या. विशाखापट्टणमचे काम पुन्हा उभे राहिले आणि १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरले. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे ते वारले.

बंगळूरच्या कारखान्यात युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याची विमाने दुरुस्तीला येत. त्यांत मोठी बाँबफेकी विमानेही असत. आपले कारागीर ती खोलत आणि पुन्हा जोडत. युद्ध संपल्यावर बरीच लिबरेटर विमाने कानपूरला टाकून देण्यात आली. कोणी ती पुन्हा वापरू नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूस केलेली होती. ती परत उडतील असे परदेशी जाणकारांना वाटत नव्हते. १९४८ मध्ये बंगळूरच्या कारागिरांनी ती कशीबशी उडण्याजोगी केली. जमशेद मुन्शी या वैमानिकाने ती कानपूरहून बंगळूरला उडवत आणली. एका मोडक्या विमानाचा भाग दुसऱ्याला लावत कारखान्याने चाळीसहून अधिक लिबरेटर नीट करून दिली.

आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. त्यांतील एक विमान १९७४ साली भारताने ब्रिटनच्या शाही हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिले. ते आजही तिथे उभे आहे.